पेंढीसारखा फ्री थ्रो

माझी उंची सहा फूट तीन इंच आहे आणि ह्यात माझा काही गुन्हा नाही. लोह्याजवळच्या आमच्या गावात ह्या उंचीचा उपयोग एवढाच होता, की माळ्यावरचं पातेलं काढायचं झालं की शेजारपाजारच्या बाया मला हाक मारायच्या. नांदेडला कॉलेजच्या प्रवेशासाठी रांगेत उभा होतो तेव्हा पाठीमागून एका गृहस्थानं खांद्यावर हात ठेवला, बाजारात बैल बघतात तसं मला पायापासून शेंडीपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बास्केटबॉल खेळतूस का?"

"न्हाई सर. कधी बघितला बी न्हाई."

"बघायची गरज न्हाई. तू निस्ता रिंगखाली हुभा ऱ्हा."

ते आमचे खेळाचे सर. स्वतः खोखोचे. बास्केटबॉल कॉलेजनं त्यांच्या गळ्यात मारलेला. नियमांचं पुस्तक वाचून ते हा खेळ शिकले होते आणि नियम सोडून बाकी सगळं मनानं शिकवायचे. घराच्या मागं त्यांनी एक म्हैस पाळली होती. सरावात आमच्यावर चिडले की म्हणायचे, "तुमच्यापेक्षा माझी म्हैस लवकर वळती." आणि ते खोटं नव्हतं.

तर मी रिंगखाली उभा राहायला शिकलो. वर आलेला चेंडू धरायचा आणि रिंगमध्ये कोंबायचा, हे मला बरं जमायचं. जमायचा नाही तो फ्री थ्रो. समोरच्यानं धक्का दिला, हात धरला, की पंच शिट्टी मारतो आणि तुम्हाला रेघेवर उभं करतो. पुढं कुणी अडवायला नाही, घाई नाही. पंधरा फुटांवर रिंग, हातात चेंडू, टाका. फुकटचे दोन गुण. आणि ते फुकटचे मला पचत नव्हते. सगळे टाकतात तसा डोक्यावरून, एका हाताच्या बोटांनी ढकलून टाकायला जावं, तर चेंडू बोर्डावर असा आदळायचा की रिंग थरथरायची आणि चेंडू आला तसा माझ्याकडं परत. दहातले दोन जायचे. ते दोन का जायचे हेही मला माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही लातूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेलो आणि तिथल्या एका कॉलेजच्या कोचनं हे दहा मिनिटांत ओळखलं. शांत माणूस. आवाज चढवणं नाही, काही नाही. त्यानं बाकावरची पाच पोरं फक्त मला धरायला ठेवली. एका खेळाडूला पाच फाऊल करता येतात, मग तो बाहेर. म्हणजे पाच पोरांकडं पंचवीस फाऊल शिल्लक. माझ्या हातात चेंडू आला की एक पोरगं येऊन मला कवटाळायचं, पंचाची शिट्टी वाजायची आणि मग तेच पोरगं मला म्हणायचं, "लागलं न्हाई ना भाऊ?" इतकी अदबशीर मारामारी मी कुठं बघितली नाही. मी रेघेवर जायचो आणि चुकवायचो. पुन्हा कवटाळणं, पुन्हा विचारपूस. त्या दिवशी मी सोळा फ्री थ्रो टाकले, तीन गेले आणि आम्ही चार गुणांनी हरलो. आता गणित तुम्हीच करा.

मला राग लवकर येतो. शेवटी त्यातल्या एकाला मी म्हणालो, "पुन्हा लागलं का विचारलंस तर खरंच लागंल आसं करीन." त्यावर पंचानं माझ्यावरच फाऊल दिला.

त्याच वर्षी माझा एक विषय राहिला. गावात बातमी दोन्हींची एकदम पोचली. माझ्या वडलांना आम्ही घरात बापू म्हणतो. बापूंनी जेवताना, भाकरी मोडता मोडता विचारलं, "जिंकत बी न्हाईस, पास बी होत न्हाईस. मंग करायलास काय तिथं?"

मी अजून एक भाकरी वाढून घेतली.

बापूंनी मग निकाल सांगून टाकला. एक साल अजून. विषय काढायचा आणि लातूरला जिंकून यायचं. नाही तर खेळ बंद, नांदेड बंद, हरभरा पेरायला घरी. पेरणीला घरचा माणूस नाही म्हणून ते दरवर्षी वैतागायचे, त्यामुळं ही धमकी नुसती नव्हती. बापू बोलले की बोलले.

त्या उन्हाळ्यात सर आमच्या शेतात आले. मला भेटायला नाही, म्हशीसाठी कडबा न्यायला. टेम्पो घेऊन आले होते. बापू टेम्पोवर चढले आणि मी खालून पेंढ्या द्यायला लागलो. हे काम मी कळायला लागल्यापासून करतो. पाय फाकवून उभं राहायचं, पेंढी दोन्ही हातांनी गुडघ्यांमध्ये धरायची, थोडं वाकायचं आणि उठता उठता हात वर सोडून द्यायचे. जोर लावायचा नाही, नुसती सोडायची. पेंढी वरती एक गिरकी घेते आणि वरच्या माणसाच्या हातात अलगद पडते. वरच्यानं पाय हलवायचे नसतात. कडब्यावर पाय घसरतो, म्हणून पेंढी त्याच्या हातातच पडली पाहिजे. बापू रचत गेले तसे वर वर जात गेले आणि मी टाकत राहिलो.

सर बाभळीखाली ताकाचा गिलास घेऊन बसले होते. ताक प्यायचं विसरले. बापूंना म्हणाले, "ह्याच्या किती चुकतेत?"

बापू वरून म्हणाले, "चुकल्या आसत्या तर म्या खाली पडलो आसतो की."

सर उठले. वखराचा दांडा घेऊन त्यांनी टेम्पोची उंची मोजायला सुरुवात केली. बापूंना वाटलं, मास्तर माल जास्त झाला म्हणून बघून राहिलेत. ते म्हणाले, "काळजी करू नका सर, रस्त्यात कुणी धरत न्हाई." सरांचं लक्षच नव्हतं. उंची बरोबर रिंगएवढी, दहा फूट भरली तसे ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "काखेत कळसा आन् गावाला वळसा. गाढवा, तू फ्री थ्रो आसा कामून टाकत न्हाईस?"

मी हसलो. मला वाटलं, ते चेष्टा करून राहिले. सर चेष्टा करत नव्हते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि माझे हाल सुरू झाले. सर म्हणायचे, चेंडू दोन्ही हातांत धर, गुडघ्यांत घे, खालून सोड. नियमात कुठं लिहिलंय का, डोक्यावरूनच टाका म्हणून? पुस्तक काढून दाखवायचे. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. मी म्हणायचो, पण सर, दुनियेत कुणी तरी टाकतंय का असं? सर म्हणायचे, दुनियेचे चुकतेत तेवढे तुझे चुकत न्हाईत, तुझे जास्ती चुकतेत. तू दुनियेचं बघू नकोस.

मी ऐकेना. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मी नांदेडला आलो तेव्हा वर्गातली पोरं माझ्या बोलण्याला हसायची. 'करून राहिलो' म्हणालो की हसायची, 'हाव' म्हणालो की हसायची. मैदानात उतरलो की मात्र कुणी हसायचं नाही. तिथं मी लोह्याचा नव्हतो, सहा फूट तीन इंचाचा होतो. आता ह्या माणसाला मला त्याच मैदानात, चड्डीवर, पाय फाकवून कडबा फेकायला लावायचं होतं.

सरांनी हट्ट सोडला नाही. चेंडूनं जमत नसेल तर आधी पेंढीनंच टाक म्हणाले, आणि खरोखर म्हशीच्या वाटणीच्या चार पेंढ्या स्कूटरवर बांधून घेऊन आले. मी चिडून पहिली पेंढी टाकली. ती सरळ रिंगमध्ये गेली आणि तिथंच अडकली. पेंढी काही चेंडू नव्हे, ती खाली कशाला पडतेय? काढायला शिडी नव्हती. तेवढ्यात प्राचार्य दोन पाहुण्यांना कॉलेज दाखवत त्या बाजूनं आले. पाहुण्यांनी वर बघितलं. प्राचार्यांनी वर बघितलं. मग सरांकडं बघितलं.

"मैदानाची पूजा होती सर," आमचे सर म्हणाले.

पाहुण्यांनी हात जोडले. पेंढी दोन दिवस तशीच लटकत होती.

तिसऱ्या दिवशी मी चेंडू खालून टाकायला लागलो, निव्वळ सरांचं तोंड बंद करावं म्हणून. पन्नास टाकले. एक्केचाळीस गेले. मला इतका राग आला म्हणून सांगू. वर्षभर मी डोक्यावरून टाकून मनगट सुजवून घेत होतो, आणि हे असलं गावंढळ काम पहिल्याच दिवशी जमून बसलं. गेलेला प्रत्येक चेंडू मला म्हणत होता, बघ, तू कडबा फेकणाराच.

"लोक हसतेल सर," मी म्हणालो.

"हसतील त्यांचे दात दिसतील," सर म्हणाले. "तुह्या बापूंनी काय सांगितलंय ते याद हाय ना?"

याद होतं. हरभरा डोळ्यांपुढं दिसत होता. विषय मी काढला होता, आता लातूर राहिलं होतं.

दिवाळी झाली आणि आम्ही लातूरला गेलो. उपांत्य सामना पुन्हा त्याच कॉलेजशी. मैदानाच्या कडेनं शिकवणीच्या क्लासची वाट जाते, त्यामुळं दोन तासिकांच्या मधल्या सुटीत पाठीवर दप्तरं घेतलेली शेदीडशे पोरंपोरी सहज गोळा होतात. दिवसभर भौतिकशास्त्र ऐकून आलेल्या पोरांना हसायला काहीही चालतं. त्यांना त्या दिवशी मी मिळालो.

त्या शांत कोचनं गेल्या वर्षीचाच डाव ठेवला होता. पहिल्या मिनिटाला एक पोरगं येऊन मला बिलगलं. शिट्टी. मी रेघेवर गेलो. पाय फाकवले, वाकलो, चेंडू गुडघ्यांत घेतला. आधी एकदम शांतता झाली, कारण मी काय करतोय हेच कुणाला कळेना. मग मी सोडला. गेला. आणि पाठोपाठ हशा असा उसळला, की पंचानंही तोंड फिरवलं. दुसराही गेला. "ए, वैरण टाक वैरण," कुणीतरी ओरडलं. आमच्या भागातलंच असणार. पुण्यामुंबईच्या माणसाला ते कळलं नसतं.

माझे कान पेटले होते, पण चेंडू जात होते. लातूरकरांना वाटलं, नशिबानं गेले. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा गेले. त्या कोचचा स्वतःच्या डावावर इतका भरवसा, की अर्धा सामना होईतो त्यानं बाकावरची तीन पोरं खर्ची घातली. पाच फाऊल होऊन बाहेर जाताना तिसरं पोरगं मला म्हणालं, "भाऊ, हे गेल्या साली कामून न्हाई केलं?" मी तोवर तीस टाकले, सव्वीस गेले. आमचे सर काठावर बसून, जणू म्हशीनं दोन शेर दूध जास्त दिलंय असे, गालातल्या गालात हसत होते.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा बापू आले. ते सोयाबीन घेऊन लातूरच्या मोंढ्यात आले होते आणि तिथून थेट मैदानावर. पांढरा पायजमा, टोपी, अंगावर सोयाबीनचा भुसा. त्यांना कुठं उभं राहावं कळेना, म्हणून ते बरोबर रिंगच्या खांबामागं, मैदानाच्या हद्दीपलीकडं जाऊन उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा बास्केटबॉल बघत होते.

सामना संपायला आला तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागं होतो. अगदी शेवटच्या क्षणी चेंडू माझ्याकडं आला, मी उडी मारली आणि लातूरचं एक घाबरलेलं पोरगं माझ्या हातालाच लोंबकळलं. शिट्टी वाजली. वेळ संपली होती. घड्याळात काही उरलं नव्हतं, फक्त माझे दोन फ्री थ्रो उरले होते. दोन्ही गेले तर बरोबरी आणि जादा वेळ. एक जरी चुकला तर हरलो.

मी पहिला टाकला. वाकलो, सोडला, गेला. टाकताना मी वर बघितलं आणि रिंगच्या पलीकडं मला बापू दिसले. त्यांचे दोन्ही हात वर गेले होते. पेंढी धरायला जातात तसे. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं, इतक्या वर्षांची सवय. माझा चेंडू वर आला की त्यांचे हात आपोआप उठत होते. आणि शिकवणीची पोरं आता माझ्याकडं बघून हसत नव्हती. बापूंकडं बघून हसत होती. एकानं मोबाईल वर धरला होता. दुसरं एक पोरगं त्यांच्या मागं उभं राहून तसेच हात वर करून दाखवत होतं. बापू समोर रिंगकडं बघत होते.

मला पुढचं सांगायला आजही नको वाटतं. चेंडू माझ्या हातात आला आणि मी सरळ उभा राहिलो. पाय जवळ घेतले. चेंडू डोक्यावर नेला. काठावरून सर ओरडले, "खालून!" मी ऐकलं, चांगलं ऐकलं, आणि सगळे टाकतात तसा, डोक्यावरून, शहाण्या माणसासारखा टाकला. चेंडू बोर्डावर आदळला, रिंग थरथरली, चेंडू माझ्याकडं परत आला.

एका गुणानं हरलो. लातूरची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि चेंडू पिशवीत भरायला लागले. म्हशीवरूनसुद्धा काही बोलले नाहीत.

मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर बापूंनी मला चहा दिला. बराच वेळ बशीत फुंकत बसले. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, चल घरी. पण ते म्हणाले, "पहिली बरुबर टाकलीस की. दुसरीला काय झालं?"

"लोक हसून राहिले होते बापू."

"पेंढीसारखं टाकलं म्हणून?"

"हाव."

ते पुन्हा बशीत फुंकायला लागले. चहा केव्हाच निवला होता. मग रागानं नाही, टोमणा म्हणून नाही, नुसतं बस किती वाजता आहे विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग मला बी हसत आसतेल का रे लोक?"

मी सहा फूट तीन इंचाचा माणूस. तिथं मला गाड्याच्या फळकुटाखाली जाऊन बसावंसं वाटलं. "न्हाई," मी म्हणालो. "तुम्हाला कशाला हसतेल?"

"मंग झालं," बापू म्हणाले. बशी गाड्यावर ठेवली, पिशवी उचलली आणि बसस्टँडकडं निघाले. दहा पावलं जाऊन वळले. "उद्या अजून एक सामना हाय म्हणला ना तुझा मास्तर? त्यो खेळून ये. मंग हरभऱ्याचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या जागेचा सामना होता. हरलेल्या दोन संघांचा. असल्या सामन्याला पंचसुद्धा जांभया देतात. पण शिकवणीची सुटी नेमकी तेव्हाच झाली आणि कालचीच पोरं परत आली, माझ्यासाठीच आली होती म्हणा ना. मी रेघेवर गेलो, वाकलो, आणि हशा झाला. कुणाला वाटेल, आता मला लाज वाटली नसेल. कशाची जातेय. कान कालच्याइतकेच पेटले होते. लाज वाटून राहिली होती आणि मी खालून टाकून राहिलो होतो, एवढंच. एकदा हात वर करून दाखवणारं ते पोरगं दिसलं. त्याच्याकडं जाऊन दोन ठेवून द्याव्या असं फार वाटलं, पण पुढचा फ्री थ्रो राहिला होता.

सामना आम्ही जिंकलो. तिसरी जागा. पण बापूंचा शब्द जिंकून येण्याचा होता, आणि तिसऱ्या जागेला आमच्या गावात कुणी जिंकणं म्हणत नाही. पोरं सामान भरत होती तेव्हा मी मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. बापू रानातच होते, मागं बैलांची घुंगरं वाजत होती.

"किती टाकल्या?" बापूंनी विचारलं. सामना कोण जिंकला ते विचारलं नाही.

"आठ. सात गेल्या."

"आन् आठवी?"

"तीबी खालूनच टाकली होती बापू. चुकली."

पलीकडं बापूंनी बैलांना हाळी दिली.

"मंग चुकू दे," बापू म्हणाले. "हरभरा पेरायला गडी सांगितलाय म्या."